पाणी कितव्या पायरीला आलंय?

दोन पावसाळ्यांपूर्वी, आषाढातल्या एका रात्री पावणेबाराला आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. ‘अत्यंत महत्त्वाचे. धरणाचे दरवाजे उघडले आहेत. खाडीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडावीत. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’ कुठलं धरण, कुठली खाडी, कोण सांगतंय, कधीचं सांगतंय, यातलं काही नव्हतं. निरोप मुंबईहून, मंडळाच्या ग्रुपवरून आला होता. पाठवणाऱ्याच्या पोटात काळजीच होती, याबद्दल मला तिळभर शंका नाही.

माझ्या शेजारच्या काकी तेव्हा शहात्तर वर्षांच्या. घरात एकट्या, मुलगा डोंबिवलीला. त्याने घाबरून फोन केला, ‘आई, आहेस तशी नीघ.’ काकींनी औषधांची पिशवी घेतली, बॅटरी घेतली आणि पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढायला लागल्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. चार-पाच पायऱ्या चढल्या असतील, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पावसाच्या आवाजात त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नाही. पाऊण तास त्या तिथेच भिजत पडून होत्या.

आमच्या गावाच्या वर जे धरण आहे, त्याला दरवाजेच नाहीत. मातीचा बांध आहे आणि कडेला सांडवा. तलाव भरला की पाणी आपलं आपण सांडव्यावरून वाहतं, दर जुलैत वाहतं तसं. त्या रात्री नदी गणपतीच्या घाटावर सातव्या पायरीला होती. घाटाला चौदा पायऱ्या आहेत. खालून मोजत अकराव्या पायरीला पाणी लागलं की खालच्या वाडीतल्या पहिल्या तीन घरांनी सामान माळ्यावर टाकायचं, हे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाने सांगितलं असतं. विचारलं कुणीच नाही.

त्याच आठवड्यात वरच्या वाडीतली एक बाई शेळ्या घेऊन सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाकडे, गेली होती. पाण्याच्या टाकीमागे जमिनीला भेग पडलेली तिने पाहिली. मनगटापर्यंत हात आत जाईल एवढी. संध्याकाळी तेल आणायला आली तेव्हा तिने ती गोष्ट दुकानात सांगितली. दुकानदाराने ‘हो का’ म्हटलं. तिच्याकडे मोबाईल आहे, साधा, बटणांचा. ग्रुपवर ती नाही. मला ती भेग कळली आठ दिवसांनी, तीही लग्नाच्या एका बोलणीत, विषयावरून विषय निघाला म्हणून.

म्हणजे एक खोटी बातमी चारशे किलोमीटरवरून वीस मिनिटांत गावातल्या प्रत्येक उशाशी पोचली आणि एक खरी बातमी आठ दिवसांत वरच्या वाडीतून खालच्या वाडीत उतरली नाही. मी पाच वर्षं ग्रामपंचायतीची सदस्य होते. नळपाणी, रस्त्यावरचे दिवे, गटारं, स्मशानाची शेड यांवर आम्ही तासन् तास भांडलो. गावाला सावध कुणी करायचं आणि कसं, हा विषय पाच वर्षांत एकदाही पटलावर आला नाही, आणि मीही तो आणला नाही. आज माझं म्हणणं एवढंच आहे, की गावाची बातमी हे नळपाण्याइतकंच ग्रामपंचायतीचं काम आहे. ते हौसेवर, ग्रुपच्या ॲडमिनवर आणि मुंबईच्या काळजीवर सोडून चालणार नाही.

वरून इशारे येत नाहीत असं नाही. उलट आता भरपूर येतात. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे रंग देतं. २०२३ साली देशभर मोबाईलवर एकदम कर्कश वाजून चाचणीचे संदेश आले, तेव्हा आमच्याकडे काहींनी फोन हातातून टाकले होते. ‘दामिनी’ ॲप वीज कुठे पडण्याचा धोका आहे ते सांगतं. ही सगळी मोठी कामं आहेत आणि त्यांनी माणसं वाचतात. पण रत्नागिरी जिल्ह्याला लाल इशारा आहे म्हणजे मंडणगडपासून राजापुरापर्यंत नऊ तालुक्यांना आहे. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. माझ्या काकींना २०४ मिलिमीटर म्हणजे काय हे कळत नाही. मलाही कळत नाही, खरं सांगायचं तर. ते पाणी आमच्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, किती वाजता येईल, त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, केव्हा बंद करायचा, शाळेच्या पलीकडून येणाऱ्या सात मुलांना दुपारीच घरी पाठवायचं का, हे जिल्ह्याच्या नकाशावर लिहिलेलं नसतं. ते गावात लिहिलेलं असतं, घाटाच्या पायऱ्यांवर, साकवाच्या खांबावर, म्हाताऱ्यांच्या डोक्यात.

खाडीकाठी तर पाऊस हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा भरतीचा. आमच्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. मिनिटांचा फरक पडतो, पण होडी सोडायला एवढं पुरतं. अष्टमी-नवमीला भांग, पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्या दिवशी सकाळी तेरस होती आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. तेराची पाऊणपट पावणेदहा. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत होता, वाशिष्ठी दुथडी सोडून बाजारपेठेत शिरली होती, आणि खालून उधाणाच्या भरतीने तिला समुद्रात उतरायची वाट अडवली. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीहून याच नदीत येतं, त्याचा वाद पुढे बरीच वर्षं चालला. तो वाद जाणकारांनी सोडवावा. मला एवढंच दिसतं की पंचांग घरोघरी होतं, पावसाचा अंदाज हातातल्या फोनवर होता, आणि दोन्ही एकत्र वाचून ‘उद्या सकाळी दहापर्यंत पाणी उतरणार नाही, चढेल, वरच्या मजल्यावर जा’ असं आदल्या रात्री दारोदार जाऊन सांगणं हे कुणा एकाचं ठरलेलं काम नव्हतं. नदीला भरती अडवते हे चिपळूणच्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर कुणीतरी सांगणं वेगळं.

फोनवर सगळं सोपवायचं तर ३ जून २०२० आठवावा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात माडपोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे गेले, विजेचे खांब रांगेने पडले. मोबाईलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस फोन लागला नाही. मुंबईतली मुलं वेड्यासारखी फोन फिरवत होती. ज्या दिवशी गावाला बातमीची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवशी सगळे ग्रुप मुके झाले. अशा वेळी देवळातली घंटा, मोहल्ल्यातल्या मशिदीचा भोंगा, शाळेची लोखंडी पट्टी, ढोल, पायी जाणारा माणूस हेच उरतं. पूर्वी गावात दवंडी होती. ती जुनाट म्हणून आपण सोडून दिली, आणि तिच्या जागी जे आणलं ते वाऱ्याच्या पहिल्या तडाख्याला पडतं. घंटा किती वेळा वाजली म्हणजे काय समजायचं, हे एकदा ठरलं तर त्याला ना वीज लागते ना रेंज.

आता उलट दिशेची गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. सावध करणं म्हणजे वरून खाली येणारा हुकूम, अशी आपली समजूत झाली आहे. वास्तविक धोका पहिल्यांदा दिसतो तो गावातल्या माणसाला. तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. त्या धरणाच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. डोळे उघडे होते, तोंडही उघडलं होतं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. डोंगर इतके आहेत की कुठलीही यादी पुरी पडणार नाही. तळियेला २२ जुलै २०२१ला दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते बंद आणि फोन बंद, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. आणि घाटापलीकडचं माळीण. ३० जुलै २०१४च्या सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि गाव जागेवर नाही म्हणून त्याला कळलं. एवढ्या मोठ्या संकटाची खबर बाहेर पोचवायला एसटीचा ड्रायव्हर लागला, हे मी दहा वर्षं विसरू शकलेले नाही.

डोंगर सरकण्याआधी बहुतेक वेळा खुणा देतो. जमिनीला किंवा घराच्या भुईला नव्या भेगा पडतात. सरळ उभी झाडं, विजेचे खांब कलतात. दारं-खिडक्या एकाएकी चौकटीत अडकायला लागतात. ज्या झऱ्याचं पाणी कायम नितळ, ते गढूळ येतं, किंवा वाहता झरा अचानक आटतो आणि भलतीकडून पाणी फुटतं. या खुणा तहसीलदाराला कशा दिसणार? त्या शेळ्या चारणारीला दिसतात, लाकूडफाट्याला जाणारीला दिसतात, पाणक्याला दिसतात. आपल्या गावात ज्यांचं बोलणं सगळ्यात कमी ऐकलं जातं, त्यांनाच हे सगळ्यात आधी दिसतं. आमच्या टाकीमागच्या भेगेचा मी लेखी अर्ज केला. ग्रामपंचायतीत दिला, वर एका कार्यालयात दिला, आवक क्रमांक घालून पोच घेतली. पाहणीला माणसं आली ती नवरात्रात, पाऊस परतल्यावर. तोवर आम्ही त्या टाकीखालची दोन घरं रात्रीपुरती शाळेत हलवली होती, आपल्या जबाबदारीवर. काही झालं नाही. ‘उगाच घाबरवलंत’ असं मला पुष्कळांनी ऐकवलं. ऐकून घेतलं.

मात्र त्या भेगेची तारीख, लांबी, कुणी पाहिली आणि कुठल्या झाडापासून किती पावलांवर आहे हे आता कागदावर आहे. पुढच्या वर्षी ती वाढली की नाही ते कळेल. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्याबद्दल आमच्या भागात आदराने बोललं जातं ते यासाठीच. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना कोकणातल्या लाल विंचवाने धडधाकट माणसं कशी मरतात हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून पाहिलं, तासातासाला लिहिलं, आणि त्या नोंदींतून प्राझोसिन या गोळीचा उपयोग पुढे आला. जिथे शंभरात तीस-चाळीस जण दगावत, तिथे ते प्रमाण एक-दोनावर आलं. खेड्यात बसून नीट पाहणं आणि लिहून ठेवणं याची किंमत एवढी असते.

सर्पदंशाबद्दल दोनच गोष्टी. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलवू न देता दवाखान्यात न्या, हे सगळ्यांना आता पाठ झालंय, चांगली गोष्ट आहे. पण फुरसं चावलेल्या माणसाला रात्री दोन वाजता रिक्षात घातल्यावर प्रश्न असतो तो कुठे न्यायचं हा. जवळच्या केंद्रात आज लस आहे का, डॉक्टर मुक्कामाला आहेत का, की सरळ तालुक्यालाच काढायची? ही बातमी पावसाळ्यात दर आठवड्याला फळ्यावर हवी. तसंच सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे. २०१६पासून तिथे माकडतापाने माणसं गेली. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, ही एक ओळ तिथे कुठल्याही पावसाच्या इशाऱ्याइतकी मोलाची आहे, आणि आमच्याकडे तिचा काही उपयोग नाही. सूचना गावागणिक वेगळी असते.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडते, ती. सावध राहा म्हणताना आपण कुणाविरुद्ध सावध करतोय?

आमच्याकडे आंब्याच्या कलमांवर राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. नोव्हेंबरात येतात, काही बारा महिने बागेतच राहतात. मागल्या वर्षी माघात त्यातल्या एकाचा फोटो ग्रुपवर फिरला. ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात. हा इसम शाळेजवळ फिरताना दिसला. सावध राहा.’ तो शाळेजवळ फिरत होता कारण त्याची मुलगी त्या शाळेत दुसरीत आहे. सहा वर्षं तो या गावात आहे. ज्याच्या बागेत तो राहतो, तो मालक ग्रुपवर होता आणि गप्प होता. मी आणि पोलीस पाटील संध्याकाळी बागेत गेलो तेव्हा खोपीचं दार आतून बंद. बायको दार उघडेना. आवाज ओळखीचा वाटल्यावर तिने फट केली, तेव्हा तिच्या हातात कोयती होती आणि ती थरथरत होती. दोन दिवस त्यांनी चूल पेटवली नव्हती, धूर दिसेल म्हणून.

हे घाबरणं अवास्तव नव्हतं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुलं पळवणारे म्हणून ठेचून मारले गेले. १६ एप्रिल २०२०च्या रात्री आपल्याच कोकण विभागात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. चोर फिरत असल्याच्या अफवा त्याआधी काही दिवस त्या पट्ट्यात होत्या. दोन्ही ठिकाणी मारणारे लोक स्वतःला गावाचे राखणदार समजत होते. खोटा इशारा म्हणजे नुसती चूक नव्हे. त्याने कुणाचं खुब्याचं हाड मोडतं, कुणाचा जीव जातो. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात, २००५च्या, खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण फोटो टाकणाऱ्या मुलाने तो पुसून टाकला, एवढ्यावर विषय संपला, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या ग्रुपवर तो फोटो गेला त्याच ग्रुपवर, त्याच माणसाने, ‘माझी चूक झाली, हे आपल्या गावात राहणारे आहेत, यांची मुलगी आपल्या शाळेत आहे’ असं लिहायला हवं होतं. ते झालं नाही. त्या मुलीने महिनाभर शाळा बुडवली.

किनाऱ्याला पहारा नको असं म्हणणारी मी नाही. १९९३ साली याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, स्फोटकं उतरली. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून, मच्छीमार ट्रॉलर पळवून आले. किनाऱ्यावरच्या गावागावांत सागर सुरक्षा दलाची मुलं आहेत. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस बोट लागली. ती वाहत आलेली निघाली, घातपात नव्हता, पण खबर लगेच पोचली हे योग्यच झालं. पुढच्याच ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. अशा वेळी ११२ला किंवा किनारा सुरक्षेच्या १०९३ला फोन करायचा, वस्तूला हात लावायचा नाही, पाकीट घरी न्यायचं नाही, झालं. यात कुठेही माणसाचा फोटो फिरवायची गरज पडत नाही. बोटीची, पाकिटाची, गाडीच्या नंबरची खबर पोलिसांना. माणसाबद्दल संशय असेल तर तोही पोलिसांना, ग्रुपला नाही. गावाने एवढा एक नियम पाळला तरी कितीतरी खोप्यांत चूल वेळेवर पेटेल.

ज्यांना ही माणसं परकी वाटतात त्यांनी एक विचार करावा. बोटीवरचे खलाशी, चिरेखाणीवरचे मजूर, कलमांवरचे राखणदार हे वहाळाच्या काठी, सड्यावर, खाणीच्या तोंडाशी, सगळ्यात धोक्याच्या जागी राहतात. पूर आला तर पहिला त्यांच्याकडे येतो. आणि गावाच्या ग्रुपवर त्यातलं कुणी नसतं. पर्यटकांचंही तेच. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ओहोटी लागल्यावर पाणी कुठे ओढतं हे किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या पोराला ठाऊक असतं, सहलीच्या मुलांना नसतं. ज्याच्या घरी उतरले त्याने आल्याआल्या चहाबरोबर ते सांगितलं पाहिजे, आजची ओहोटी किती वाजता, कुठल्या खडकापलीकडे जायचं नाही. फलक गंजतात.

माझ्या या म्हणण्यावर काय आक्षेप येतात ते मला माहीत आहे, कारण गेले वर्षभर मी ते ऐकते आहे. सरपंचाच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. खरं आहे. गावात दोन पक्षांचे दोन ग्रुप आहेत, एकाचं दुसरा ऐकत नाही. तेही खरं. पण पाणी दोन्ही पक्षांच्या घरांत सारखंच शिरतं, आणि फळा एसटीच्या थांब्यावर लावला तर तो कुठल्याच ग्रुपचा नसतो. तिसरा आक्षेप जरा वजनाचा आहे. इशारा दिला आणि काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी लोक हलणार नाहीत, आणि देणाऱ्यावर शिव्या येतील. यावर मला एकच उपाय दिसतो, आणि तो म्हणजे खरं तेवढंच सांगणं. ‘दरड कोसळणार’ असं सांगायचं नाही. ‘आज दुपारी तीनला टाकीमागची भेग चार बोटं वाढलेली अमुकने पाहिली, म्हणून खालच्या दोन घरांनी आज रात्री शाळेत झोपावं, उद्या सकाळी पुन्हा पाहू’ असं सांगायचं. कुणी पाहिलं, कधी, कुठे, आणि आता काय करायचं. या चार गोष्टी ज्यात नाहीत तो निरोप पुढे पाठवायचा नाही, मग तो सख्ख्या भावाने पाठवलेला असो. असं सांगितलं आणि काही झालं नाही, तर माणूस फसल्यासारखं मानत नाही. सकाळी तो स्वतः जाऊन भेग पाहून येतो.

हे काम कुणी करायचं? पोलीस पाटील आहेत. १९६७च्या ग्रामपोलीस अधिनियमाने गावची खबर ठेवणं आणि वर कळवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. पण एक माणूस पाच वाड्यांना पुरत नाही. प्रत्येक वाडीत एक माणूस हवं, आणि शक्यतो बाई हवी, कारण दुपारी दोन वाजता वाडीत बायकाच असतात. इथे सगळ्यांच्या तोंडी लगेच आशाताई आणि अंगणवाडी सेविका येतात. त्यांना सगळी घरं माहीत आहेत, कोण गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला ऐकू येत नाही. पण त्यांच्यावर आणखी एक फुकट काम टाकायला माझा विरोध आहे. द्यायचं तर मानधन ठरवून द्यावं, ग्रामनिधीतून, पावसाळ्याचे चार महिने. स्मशानाच्या शेडला पैसे निघतात तर याला निघतील.

मुहूर्त मला १ मेच्या ग्रामसभेचा योग्य वाटतो. आंबे-फणसांसाठी, लग्नांसाठी चाकरमानी गावात असतात, महिन्यावर पाऊस आलेला असतो, आणि मच्छीमारांच्या बोटीही १ जूनपासून दोन महिने किनाऱ्याला लागणार असतात. ज्या मुलाने डोंबिवलीहून आईला रात्री बाहेर काढलं, त्याच्यासमोर घाटाच्या पायऱ्या रंगवाव्यात. नववी पिवळी, अकरावी नारिंगी, तेरावी लाल. आजवर पाणी कुठल्या सालात कुठवर आलं ते देवळाच्या जोत्यावर रेघ मारून लिहावं. म्हणजे पुढच्या वेळी मुंबईहून फोन आला तर आधी एकच विचारायचं, पाणी कितव्या पायरीला आलंय? आणि ज्याला काठीशिवाय चालता येत नाही, त्याला रात्री उचलून न्यायला कोण जाणार, हे नावासकट लिहून ठेवावं. त्याच सभेत १०७७, १०८, ११२ हे नंबर मोठ्या अक्षरांत फळ्यावर रंगवून घ्यावेत, पण त्यांच्याही वर पहिला नंबर वाडीतल्या माणसाचा असावा.

आमच्या पाच वाड्यांची ती उचलून नेण्याची यादी मी गेल्या दोन महिन्यांत घरोघर फिरून केली. एकतीस माणसं आहेत. सत्तावीस जणांपुढे कुणाचं ना कुणाचं नाव लिहून झालं. सड्यावरच्या एका घरात नवरा-बायको दोघंही ऐंशीच्या पुढची आहेत आणि जवळचं घर अर्ध्या मैलावर आहे, तिथली जागा कोरी आहे. खाणीवरच्या दोन झोपड्यांतली म्हातारी माणसं यादीत घ्यायची का, यावर वाद झाला. मी घेतली आहेत.

ठरावाचा मसुदा ग्रामसेवकांकडे दिलाय, पोच माझ्याकडे आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून शेजारच्या काकींनी, वॉकर भिंतीला टेकवून, टेबलाशी उभं राहून सही केली.